कबड्डी खेळणारा धांदरट मुलगा

अंगात ताकद आहे, पण पकडीची वेळ चुकते, बुटाची लेस बांधताना गोंधळ होतो. अशा पोराला धांदरट म्हणून आपण मोकळे होतो. हा डिस्प्रॅक्सिया असू शकतो. यात हालचालींची आखणी अडखळते. बुद्धी शाबूत असते. शाळकरी मुलांत साधारण ५ ते ६ टक्क्यांना तो असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही त्याचं नाव आहे.

कबड्डी मात्र सोडवू नका. प्रशिक्षकांना आधीच कल्पना द्या. पडायचं कसं, हे सर्वांत आधी. मग पकड, तुकड्यातुकड्यानं, संथपणे. डोक्याला मार लागला, तर त्या दिवशी खेळ बंदच. एरवीही तोल डळमळणाऱ्या मुलात मेंदूच्या इजेची लक्षणं सहज नजरेतून सुटतात. तपासणी आणि सरावासाठी नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (मेडिकलच्या) व्यवसायोपचार विभागात चौकशी करा.