शंभर लघुनृत्यांचा संकल्प



‘संकल्प सोडणें’ हा आपल्या भाषेंतील शब्दप्रयोग मोठा मौजेचा आहे. हातावर पाणी घेऊन आपण संकल्प सोडतों, म्हणजे करतों. आणि पुढें आठ-पंधरा दिवसांनीं तोच संकल्प सोडतों, म्हणजे टाकून देतों. एकच क्रियापद दोन्ही कामांस पुरतें! माझ्या आयुष्यांत दुसऱ्या अर्थानें सोडलेले संकल्प पुष्कळ आहेत. पण एक मात्र शेवटास गेला. तो कसा गेला, वाटेंत कोठें अडखळला आणि त्यानें मला काय शिकविलें, तें आज आपणांस सांगावें अशी इच्छा आहे.

मी बुलढाणा जिल्ह्यांत, मेहकर तालुक्यांतील हिवरा आश्रम या गांवीं राहतें आणि शाळेंत शिकवितें. लहानपणीं सात वर्षें मी कथक शिकलें. लग्न झालें, मुलें झालीं, आणि घुंगरांची पेटी माळ्यावर गेली. ती वीस वर्षांनीं खालीं काढली, तेव्हां दोरीला कसर लागली होती. त्याच दिवशीं मनाशीं ठरविलें कीं, एका वर्षांत नृत्याच्या शंभर लघुचित्रफिती करावयाच्या. यांनाच हल्लीं घरोघरीं ‘रील’ म्हणतात. आरंभाचा दिवस धरला १२ जानेवारी २०२४.

नियम तीनच होते. प्रत्येक नृत्य नवें असावें. तें ४५ सेकंदांचें असावें. आणि एका दिवशीं एकाहून अधिक करूं नये. त्या दिवसाचा रियाझ त्या दिवशींच टिपावयाचा, याची खूण म्हणून आरंभीं एका दगडी पाटीवर वार व तारीख लिहून ती पाटी क्षणभर मोबाईलपुढें धरावयाची. आठवड्याला दोन या हिशेबानें पन्नास आठवड्यांत शंभर होणार होतीं. दोन आठवडे हाताशीं उरत होते.

कोणी विचारील, ४५ सेकंदांत कसलें नृत्य होणार? मलाहि आधीं तसेंच वाटलें होतें. पण मिनिटाला ६४ मात्रांची लय धरली, तर तीनतालाचें १६ मात्रांचें एक आवर्तन १५ सेकंदांत पुरें होतें. म्हणजे ४५ सेकंदांत नेमकीं तीन आवर्तनें बसतात. एकांत प्रवेश, दुसऱ्यांत तुकडा, तिसऱ्यांत तिहाई घेऊन समेवर यावयाचें. घर लहान, पण चूल, देव्हारा आणि उंबरा यांस पुरेसें! शिवाय ही कांहीं आजची नवलाई नव्हे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईस वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं, तीं एकेक मिनिटाच्या आंतबाहेरचींच होतीं. अमेरिकेंत एडिसनच्या चित्रशाळेंत त्याच दशकांत अ‍ॅनाबेल नांवाच्या नर्तकीचें घोळदार वस्त्र फिरवून केलेलें नृत्य टिपलें गेलें. तेंहि एवढेंच आंखूड होतें आणि त्याच्या कांहीं प्रति हातानें रंगविल्या होत्या. चित्रपट ही कलाच मुळीं चिमुकल्या दृश्यांतून चालावयास शिकली, आणि त्यांत नाचणारीं पावलें पहिल्यापासून होतीं.

मर्यादेनें मला आणखीहि एक गोष्ट शिकविली. मोबाईल उभा ठेवला कीं चौकट अरुंद होते. मस्तकापासून पावलांपर्यंत सारें दिसावें तर डावी-उजवीकडे जेमतेम एक पाऊल सरकतां येतें. पहिल्या दहा चित्रफितींत माझा हात सारखा चौकटीबाहेर जाई. मग ध्यानांत आलें कीं, बाजूला वाट नसली तरी पुढेंमागें आहे. तेव्हांपासून मी गच्चीच्या मागच्या कठड्यापासून मोबाईलकडे चालत येऊं लागलें, आणि ज्या चालीकडे मीं शिकत असतां कधीं नीट लक्ष दिलें नव्हतें, तीच सुधारूं लागली. सकाळचें कोंवळें ऊन सात ते साडेसात एवढाच वेळ अनुकूल पडे. सिमेंटच्या गच्चीवर टांच दुखूं लागली, तेव्हां सुताराकडून एक जुनी फळी आणून तीवर पाय मारूं लागलें. कलेचा अर्धा भाग असा फळीचा आणि उन्हाचा असतो, हें मला चाळिशीनंतर कळलें!

घरांत विरोध असा झाला नाहीं. पण सासूबाईंना तें रुचलें नव्हतें. त्या एवढेंच म्हणाल्या, “गावातले लोक काय म्हनतीन, याचा इचार केला का?” मजजवळ उत्तर नव्हतें. मी गप्प राहिलें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा गच्चीवर गेलें.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न मोबाईलच्या पडद्यावर आंकड्यांचें रूप घेऊन उभा राहतो. ज्या नृत्यावर मीं चार दिवस घालविले होते, तें ४१ जणांनीं पाहिलें; आणि घाईघाईनें केलेलें एक कित्येक हजारांनीं. दोन महिने मी त्या आंकड्यांच्या मागें धांवलें. रात्रीं झोपण्यापूर्वीं ते पाहावयाचे, सकाळीं उठून पुन्हा पाहावयाचे. अखेरीस मनाला समजाविलें कीं, हा बाजार आपला नव्हे आणि कायमचाहि नव्हे. २९ जून २०२० रोजीं सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हां खेड्यापाड्यांतील किती नाचणाऱ्यांचें आणि गाणाऱ्यांचें सारें संचित एका रात्रींत दिसेनासें झालें, हें आपण पाहिलेंच आहे. तेव्हांपासून मीं प्रत्येक चित्रफितीची प्रत घरीं ठेवली, आणि एका वहींत रोज तीन ओळी लिहूं लागलें: आज काय केलें, काय चुकलें, उद्यां काय पाहावयाचें. त्या वहीनें मला जें दिलें, तें आंकड्यांनीं कधीं दिलें नाहीं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यांत, पन्नास चित्रफिती पुऱ्या झाल्या असतां, सासूबाई न्हाणीघरांत पडल्या आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया, दवाखाना, रात्रींचीं जागरणें यांत सहा आठवडे गेले. नृत्याचें नांवहि निघालें नाहीं. ऑगस्टच्या मध्यावर मीं वही उघडली, तेव्हां बासष्ट व्हावयास हवीं होतीं, झालीं होतीं पन्नास. उरल्या एकवीस आठवड्यांत बेचाळीस झालीं तरी बेरीज ब्याण्णवच होत होती. आठ कमी पडत होतीं.

आतां सांगावयाची गोष्ट मला भूषणावह नाहीं. सप्टेंबरांतील एका रविवारीं दुपारीं मीं सहा साड्या काढल्या आणि एकामागून एक सहा नृत्यें उरकलीं. प्रत्येक वेळीं पाटी पुसून तीवर पुढचा एखादा वार आणि तारीख लिहिली. सासूबाईंची खाट ओसरीवर होती. गच्चीवर ऊन फार म्हणून मीं तें काम ओसरीपुढच्या अंगणांतच चालविलें होतें. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या; पाटी वाचून त्यांनीं सहज विचारलें, “सूनबाई, पाटीवर त मंगळवार लिवला हाय, अन आज त आइतवार. मंगळवार कधी आला वो?”

त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. त्यांना खरेंच कळलें नव्हतें. मीं कांहींतरी उत्तर दिलें आणि काम तसेंच पुढें चालविलें. त्यांतील दोन चित्रफिती प्रसिद्धहि केल्या. लोकांनीं वाखाणल्या. पण त्या आठवड्यांत वहींत तीन ओळी लिहावयास बसलें, कीं लेखणी अडे. काय लिहावयाचें? आज काय केलें? कांहींच केलें नव्हतें. मंगळवारीं मी नाचलेंच नव्हतें!

माझी फसवणूक कोणाला कळणार होती? कोणालाच नाहीं. शंभर जणांत नव्याण्णवांनीं तर पाटीकडे पाहिलेंहि नसेल. परंतु हा संकल्प मीं लोकांशीं केलाच नव्हता. सावकाराचें खोटें खातें उघडकीस येण्याची भीति असते. स्वतःच्या खात्यांत खोटी जमा मांडली तर ऋणको आणि धनको दोघेहि आपणच. आठ दिवसांनीं मीं त्या दोन चित्रफिती काढून टाकल्या, उरलेल्या चार पुसल्या, आणि घडलें तें चार ओळींत लिहून प्रसिद्ध केलें. मग सासूबाईंजवळ जाऊन बसलें आणि त्यांच्या मंगळवाराचें खरें उत्तर त्यांना दिलें. त्या थोडा वेळ बोलल्या नाहींत. नंतर म्हणाल्या, “मंग आज कर नं. मी पाह्यतो.”

ते दिवस भुलाबाईचे होते. आपल्या वऱ्हाडांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई मांडून टिपऱ्यांवर गाणीं म्हणतात. त्या दिवसापासून सासूबाई खाटेवरून मला आपल्या माहेरच्या टिपरीच्या चाली दाखवूं लागल्या. कंबर हलत नव्हती, पण हात आणि ठेका शाबूत होता. एके दिवशीं माझा पाय चुकला, तर त्यांनीं वाटीवर चमचा आपटून मला थांबविलें आणि पुन्हा पहिल्यापासून करावयास लाविलें. लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्यांनीं त्यानंतर काढला नाहीं. इकडे त्यांचीहि एक मोजणी चाललीच होती. व्यायामाची माहिती देणाऱ्या बाईंनीं त्यांना वॉकर धरून रोज दहा पावलें टाकावयास सांगितलें होतें. दोन दिवस न चालतां तिसऱ्या दिवशीं तीस पावलें टाकून तें भरून निघत नाहीं, हें त्यांच्या पायानें मला दाखवून दिलें.

या संदर्भांत मला दादासाहेब फाळक्यांची आठवण होते. १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनीं पहिल्यानें चित्र घेतलें तें कोणा राजाचें नव्हे, तर कुंडींत पेरलेल्या एका वाटाण्याचें. रोज थोडी थोडी चौकट टिपीत त्यांनीं महिनाभराहून अधिक काळ तो अंकुर पाहिला. आणि तें सारें एकत्र दाखविलें, तेव्हां जेमतेम एका मिनिटांत दाणा फुटून वेल वर चढतांना दिसला. हें पाहून पैसे देणारांचा विश्वास बसला आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पुढें १९१९ सालीं ‘कालियामर्दन’ चित्रपटांत त्यांची कन्या मंदाकिनी ही बालकृष्ण होऊन कालियावर नाचली. पण मला त्या नाचाइतकाच त्या वाटाण्याचाहि नाच मोलाचा वाटतो. एकाच दिवशीं बसून महिन्याच्या साऱ्या चौकटी टिपल्या असत्या, तर वाटाणा जागचा हललाच नसता. हलणें हें दिवसांच्या मधल्या अंतरांत असतें. माझ्या त्या सहा खोट्या नृत्यांत हेंच अंतर नव्हतें.

११ जानेवारी २०२५ रोजीं वर्ष संपलें, तेव्हां वहींत चौऱ्याण्णव झालीं होतीं. मुदतीच्या दृष्टीनें संकल्प मोडला होता. उरलेलीं सहा मीं पूर्वीच्याच गतीनें, आठवड्याला दोन, अशीं केलीं आणि १ फेब्रुवारीस शंभरावें पुरें झालें. त्या दिवशीं सासूबाई वॉकर धरून अंगणापर्यंत आल्या होत्या. पाटी त्यांनींच धरली आणि वार बरोबर आहे ना, हें आधीं वाचून पाहिलें!

आमच्या गांवाचें नांव महाराष्ट्रांत ठाऊक आहे, तें शुकदास महाराजांनीं उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळें आणि तेथें विवेकानंद जयंतीच्या उत्सवांत होणाऱ्या महापंगतीमुळें. लक्षावधि माणसें उघड्या मैदानांत ओळींनीं बसतात आणि ट्रॅक्टरांतून आलेली पुरी व वांग्याची भाजी त्यांना वाढली जाते. बाहेरगांवचे पाहुणे विचारतात, एवढें काम उरकतें तरी कसें? मी पुष्कळ वर्षें तें पाहत आलें आहें. वाढणारा साऱ्या मैदानाकडे पाहत बसत नाहीं. तो आपल्यापुढच्या पात्राकडे पाहतो आणि मग त्याच्या पुढच्या पात्राकडे. मात्र एकहि पात्र वगळून तो पुढें जात नाहीं.

आपणांपैकीं कोणी चित्र काढीत असेल, कोणी पेटी शिकत असेल, कोणाचें लिखाण अर्ध्यावर पडलें असेल. त्यांनीं एक लहान माप ठरवावें, रोजची वही ठेवावी, आणि मध्यें खंड पडला तर पडूं द्यावा; घरांत आजारी माणूस असतां तो पडणारच, आणि पडावाहि. मुदत चुकली तर ती चुकली असें लिहून पुढें चालावें. पण पाटीवर मंगळवार लिहिला असेल, तर त्या दिवशीं मंगळवारच असावा.