कचेरीची जागा घेतांना

नवा धंदा मांडणारा मनुष्य कचेरीसाठीं जागा पाहावयास निघाला म्हणजे प्रथम भाडें विचारतो, मग खिडकींतून रस्ता पाहतो, आणि दोन्ही मनास आलीं कीं अनामत देऊन मोकळा होतो. ज्या कागदावर त्याची सही पडते, तो मात्र बहुधा शेवटीं आणि घाईंत वाचला जातो. वस्तुतः भाडें हा जागेच्या खर्चाचा केवळ एक भाग होय. त्या जागेंत किती काळ निर्धास्तपणें राहतां येईल, हा दुसरा व अधिक महत्त्वाचा.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. पुण्यांतील एका हिशेबतपासनिसानें दरमहा ४०,००० रुपयांनीं जागा घेतली आणि लाकडी आडभिंती, विजेच्या तारा व रंग यांवर ३,३०,००० रुपये घातले, असें समजूं. करार ११ महिन्यांचा असून तो पुढें वाढवून मिळाला नाहीं, तर हा खर्च दरमहा ३०,००० पडला. म्हणजे खरें भाडें ७०,००० झालें. तोच करार ५५ महिन्यांचा असता, तर हा खर्च दरमहा अवघा ६,००० पडता. भाड्यांत हजार-दोन हजारांची घासाघीस करून मुदतीकडे दुर्लक्ष करणें म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा!

दुसरी गोष्ट हक्काची. भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स हे शब्द व्यवहारांत एकाच अर्थानें वापरले जातात. कायदा त्यांत भेद करतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें भाडेपट्ट्यानें जागेच्या उपभोगाचा हक्कच भाडेकरूकडे येतो. लायसन्स ही केवळ वापराची परवानगी. तिनें जागेंत हितसंबंध निर्माण होत नाहीं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणें दोन्ही करार लेखी व नोंदलेले असावे लागतात, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. तेव्हां मुंबई-पुण्यासारख्या शहरांत “११ महिन्यांना नोंदणी कशाला?” असें कोणी म्हटल्यास तें मानूं नये. मात्र बँका, तसेंच १ कोटी रुपये वा अधिक वसूल भांडवलाच्या कंपन्या यांना दिलेल्या जागांस हा कायदा लागू नाहीं. त्यांनीं कराराचा शब्दन् शब्द अधिकच जपून वाचावा.

सही करण्यापूर्वीं आणखी कांहीं प्रश्न विचारावे. भाडें चटई-क्षेत्रावर आहे कीं जिना व व्हरांडा धरून? मंजूर नकाशांत ती जागा कचेरीसाठीं दाखविली आहे कीं राहण्यासाठीं? देखभालीचा खर्च व जीएसटी भाड्यांत धरले आहेत कीं निराळे? दरवर्षीं भाडें किती वाढणार? ‘लॉक-इन’चें कलम आहे काय? तें असल्यास, धंदा बसला तरी ठरलेल्या महिन्यांचें भाडें मागितलें जाऊं शकतें.

आणि सर्वांत आधीं जागा सोडण्याविषयींचें कलम वाचावें: नोटीस किती दिवसांची, अनामत किती दिवसांत परत, आणि केलेली बांधणी कोणाची. जागेंत शिरतांना दोन्ही पक्ष गोड बोलतात. निघतांना मात्र कागदच बोलतो. म्हणून तो आधीं घरीं आणून सावकाश वाचावा, वकिलास दाखवावा, आणि मगच सही करावी.