वाचलेल्या पुस्तकाची साक्ष

अमेरिकेंतील शाळांतून इंग्रजीच्या तासाला ‘बुक रिपोर्ट’ नांवाचा एक प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुलानें पुस्तक वाचावें, कथानक, मुख्य पात्रें आणि स्वतःचें मत दोनतीन पानांत लिहावें, व तीं पानें शिक्षकाच्या स्वाधीन करावीं, एवढाच तो विधि. हेतु चांगला, परंतु त्याला पळवाट फार पूर्वींच सांपडली. १९५८ सालीं नेब्रास्का राज्यांतील लिंकन शहरीं क्लिफ्टन हिलेगास यांनीं शेक्सपीअरच्या १६ नाटकांवरील टिपणें बाजारांत आणिलीं, आणि मूळ ग्रंथाचें दर्शन न घेतांहि त्याचा वृत्तान्त लिहिण्याची सोय झाली. २०२२ च्या नोव्हेंबरांत ‘चॅटजीपीटी’ अवतरल्यावर तर टिपणें वाचण्याचेहि कष्ट उरले नाहींत. तेव्हां, श्रोतेहो, मुलानें पुस्तक खरोखर वाचलें याची साक्ष शिक्षकानें आतां काढावी तरी कशी?

ज्या यंत्रांनीं अडचण वाढविली त्यांच्याच साह्यानें कांहीं शिक्षकांनीं नव्या वाटा पाडल्या आहेत. त्यांपैकीं मला विशेष आवडली ती नकाशाची. २००५ सालीं ‘गूगल अर्थ’ हा पृथ्वीचा फिरता नकाशा सर्वांस खुला झाला. कॅलिफोर्नियांतील इंग्रजीचे शिक्षक जेरोम बर्ग यांनीं त्यावर कादंबऱ्यांतील प्रवास आंखण्याची पद्धति काढली. उदाहरणार्थ, जॉन स्टाइनबेकची १९३९ सालची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ घ्या. जोड नांवाचें शेतकरी कुटुंब ओक्लाहोमांतील सॅलिसॉहून निघून ६६ क्रमांकाच्या हमरस्त्यानें कॅलिफोर्नियास जातें. विद्यार्थ्यानें या वाटेवर खुणा रोवावयाच्या व प्रत्येक खुणेपाशीं काय घडलें तें लिहावयाचें. आजोबांना रस्त्याच्या कडेला पुरलें तें कोठें, त्यांच्यासोबत बरणींत चिठ्ठी कां ठेविली, मोहावीचें वाळवंट ओलांडतांना आई आजीच्या प्रेताशेजारीं रात्रभर मुकाट्यानें कां पडून राहिली, हें ज्याला ठाऊक नाहीं त्याची खूण पोकळ राहते. उसन्या टिपणांतून गांवांचीं नांवें उचलतां येतील. परंतु सबंध अंतर नजरेखालीं आलें म्हणजे त्या मोडक्या मोटारीची दमछाक मुलाला जशी जाणवते, तशी तीं टिपणें जाणवूं देत नाहींत.

दुसरी वाट आपल्या आकाशवाणीच्या सख्ख्या नात्यांतली. पुस्तकांतील एखादा प्रसंग श्राव्य नाटिकेच्या रूपानें ध्वनिमुद्रित करावयाचा. त्याला हल्लीं हातांतला मोबाइल पुरतो. ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं ऑर्सन वेल्स यांनीं एच. जी. वेल्सची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ नभोवाणीवर आणली, ती या कामीं उत्तम नमुना आहे. (तेव्हां सारा देश घाबरून रस्त्यावर धांवला, ही हकीकत मात्र वृत्तपत्रांनीं बरीच फुगविलेली.) मूळ कथेंत मंगळवासी इंग्लंडांत उतरतात, नाटिकेंत ते न्यू जर्सींतील ग्रोव्हर्स मिल येथें उतरले, आणि निवेदनाच्या जागीं बातम्या आल्या. काय बदलावें व काय राखावें याचा निर्णय पुस्तक पचल्यावांचून होत नाहीं.

लहान चित्रपटांचा सोस मात्र मला थोडा संशयास्पद वाटतो. जेम्स केनेडी या लेखकानें २०११ पासून चालविलेल्या महोत्सवांत मुलें न्यूबेरी पदक मिळालेल्या बालपुस्तकांची गोष्ट सुमारें ९० सेकंदांत सांगतात. तें मौजेचें आहे. परंतु वर्गांत ज्याच्या घरीं उत्तम संगणक आहे त्याचें चित्र झगमगतें, आणि शिक्षकहि माणूसच असल्यामुळें भुलतो. शिवाय स्टाइनबेकच्या कादंबरीवर जॉन फोर्डनें १९४० सालीं चित्रपट केला आहे. तोच पाहून मुलानें आपली फीत जुळविली तर? सुदैवानें चित्रपटाचा शेवट निराळा आहे. कादंबरीचा शेवट पावसापुरांत, एका कोठारांत होतो. म्हणून फितीसोबत अर्धें पान हातानें लिहून घ्यावें: कोणता प्रसंग गाळला, कां गाळला. गुणांचा मोठा वांटा त्या अर्ध्या पानाला असावा, आणि तें वर्गांतच, शिक्षकासमोर बसून लिहिलेलें असावें.