फुलांचे थेंब आणि मुलांचे मन



मुलांच्या मनाची दुखणी आणि त्यांवर दिल्या जाणाऱ्या पुष्पौषधी हा आमचा आजचा विषय आहे. या सभागृहात पुष्पौषधींवर श्रद्धा असणारे काहीजण असतील, त्यांची टर उडविणारेही असतील. घरात रात्री दचकून उठणारे मूल आहे आणि त्यासाठी काही उपाय कळेल म्हणून आलेले आईबापही असतील. आम्ही बोलणार आहोत ते मुख्यतः या आईबापांशी.

प्रथम या औषधींचा इतिहास पाहू. त्यांचे जनक डॉ. एडवर्ड बाख यांचा जन्म १८८६ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ झाला. लंडनमध्ये वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी जंतुशास्त्रात काम केले आणि १९१९ साली ते तेथील होमिओपॅथिक रुग्णालयात गेले. रोग एक असला तरी रोगी निराळे असतात, म्हणून रोगाआधी रोग्याचा स्वभाव पाहावा, असे त्यांचे मत बनत गेले. १९२८ च्या सुमारास ते रानफुलांकडे वळले, आणि १९३० साली लंडनमधला चालता व्यवसाय सोडून खेड्यापाड्यांत हिंडू लागले. अखेरची वर्षे ब्राइटवेल-कम-सॉटवेल या गावी 'माउंट व्हर्नन' नावाच्या लहानशा घरात काढून १९३६ साली ते वारले. मागे ठेवल्या त्या ३८ औषधी. त्यांतल्या ३७ वनस्पतींच्या, आणि एक नुसत्या झऱ्याच्या पाण्याची.

ही औषधी करतात कशी? झऱ्याच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात ताजी फुले तरंगत ठेवतात आणि ते भांडे तीनएक तास उन्हात ठेवतात. काही वनस्पतींचे डहाळ्यांसकट उकळून पाणी काढतात. त्या पाण्यात तितकीच ब्रँडी मिसळतात, म्हणजे ते टिकते. या अर्काचे दोन थेंब ३० मिलिलिटर ब्रँडीत टाकले की दुकानातली बाटली झाली. तिच्यातले दोन थेंब पुन्हा ३० मिलिलिटर पाण्यात घालून त्यातले चार चार थेंब दिवसातून चार वेळा घ्यावयाचे. एका मिलिलिटरमध्ये सुमारे २० थेंब धरले, तर मूळ अर्क शेवटी ९० हजारांत एक भाग उरतो. आपल्याकडे हेच थेंब पुष्कळदा साबुदाण्याएवढ्या साखरेच्या गोळ्यांवर घालून देतात.

आता या ३८ औषधींची यादी कशी लावली आहे ते पाहा. तिच्यात ताप नाही, खोकला नाही. आहेत त्या माणसाच्या मनाच्या अवस्था. कुत्र्याची, अंधाराची, मास्तरांची, म्हणजे जिचे नाव सांगता येते अशा भीतीला मिम्युलस. जिचे नाव सांगता येत नाही, नुसतेच पोटात कालवते, त्या भीतीला अ‍ॅस्पेन. 'मला जमणारच नाही' म्हणणाऱ्याला लार्च. शाळा किंवा गाव बदलल्याने बावरलेल्याला वॉलनट, म्हणजे आपला अक्रोड. पाठच्या भावंडाचा हेवा करणाऱ्याला हॉली. मागे राहिलेल्या घरासाठी झुरणाऱ्याला हनीसकल. आणि मनातली काळजी हसऱ्या चेहऱ्याआड लपविणाऱ्याला अ‍ॅग्रिमनी.

ही यादी करणाऱ्याची नजर बारीक होती, हे विरोधकांनीही कबूल करावे. 'पोरगे भित्रे आहे' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. भीती दोन तऱ्हेच्या असतात आणि दोहोंशी निराळे वागावे लागते, हे किती घरांत लक्षात येते? साऱ्या घराला हसविणारे मूल आतून कष्टी असू शकेल, ही शंका तरी आपल्याला येते काय? याच यादीत रेड चेस्टनट नावाची एक औषधी आहे. ती आहे आपल्या माणसांची अतोनात काळजी करणाऱ्यांसाठी. मुलाची बाटली आणावयास गेलेल्या आईबापांनी तिच्यापुढे क्षणभर थांबावे, असे आम्हांला वाटते.

परंतु निदान मार्मिक म्हणून औषध गुणकारी, असे होत नाही. 'शेजारच्या मुलाला गुण आला' एवढ्यानेही ते ठरत नाही. मुलांच्या पुष्कळशा भीती वयाबरोबर आपोआप ओसरतात, आणि ओसरताना हाताशी जी बाटली असेल तिला श्रेय मिळते. म्हणून शास्त्रज्ञ दोन गट करतात. एका गटाला खरे औषध देतात, दुसऱ्याला तसेच दिसणारे बिनऔषधी थेंब. कोणाला काय मिळाले हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. २००१ साली जर्मनीत परीक्षेची धास्ती घेणाऱ्यांवर असा प्रयोग झाला. धास्ती दोन्ही गटांची कमी झाली, पण दोहोंत फरक आढळला नाही. २००५ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी ७ ते ११ वर्षांच्या ४० अतिचंचल मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. तेथेही फुलांचा गट सरस ठरला नाही. इंग्लंडातल्या एक्सेटरचे प्राध्यापक एट्झार्ड अर्न्स्ट यांनी २०१० साली अशा सर्व प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, आणि बिनऔषधी थेंबांपेक्षा फुलांच्या थेंबांचा अधिक गुण येत नाही, असाच निष्कर्ष काढला.

मग ज्यांच्या घरी गुण आला ते खोटे बोलतात काय? मुळीच नाही. जर्मनीतल्या त्या प्रयोगाकडे पुन्हा पाहा. साधे थेंब घेणाऱ्यांचीही धास्ती उतरली होती. घरात काय घडते तेही पाहा. बाटली निवडण्यापूर्वी कोणीतरी मुलाला विचारते, 'बाळ, तुला नेमकी कशाची भीती वाटते?' हा प्रश्न त्या मुलाला बहुधा प्रथमच कोणी विचारलेला असतो. मग दिवसातून चार वेळा आई हातातले काम टाकून, पदराला हात पुसून त्याच्याजवळ येते, त्याच्या तोंडाकडे पाहते, चार थेंब देते आणि म्हणते, 'आता बरे वाटेल हं.' मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणारी आजी याहून निराळे काय करीत होती? मोहरीत गुण नव्हता. आपल्यासाठी कोणीतरी उठले आहे, हे मुलाला कळत होते, त्यात गुण होता.

येथे कोणी म्हणेल, मग थेंब चालू राहिले तर बिघडले कुठे? बहुधा काही बिघडत नाही. पण तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली, मूळ बाटलीत ब्रँडी असते. थेंब थोडे असले तरी बाटली मुलाच्या हाती लागू देऊ नये, आणि तान्ह्या मुलाला डॉक्टरांना विचारल्यावाचून काही देऊ नये. दुसरी, प्रत्येक दुःखावर एक बाटली असते, हा धडा मुलाला देऊ नये. काही दुःखे रडूनच सरावयाची असतात. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर, आणि ती म्हणजे वेळ. मूल आठवडेच्या आठवडे शाळेला जावयास नकार देत असेल, जेवण-झोप उडाली असेल, सुटलेली अंथरुण ओले करण्याची सवय पुन्हा लागली असेल, कोणा एका माणसापुढे जावयास ते थरथरत असेल, तर थेंब बदलून पाहण्यात महिने घालविणे म्हणजे त्या मुलाला एकटे टाकणे होय. तेथे बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडेच गेले पाहिजे. मरणाची भाषा कानी आली तर एक दिवसही थांबू नये. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे, आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक घरात लिहून ठेवावेत. वेड्याच्या डॉक्टरकडे नेले असे लोक म्हणतील, या धाकाने पुष्कळांचे पाय अडखळतात. लोक चार दिवस बोलतील. मुलाला मात्र सारे आयुष्य काढावयाचे असते.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. डॉ. बाख यांची बाटली घ्यावयाची की नाही हे आपण ठरवा. त्यांचा प्रश्न मात्र अवश्य घ्या. 'याला काय झाले आहे?' असे तिऱ्हाइताला विचारण्याआधी 'तुला काय वाटते?' असे मुलाला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत घाई करू नका. मुले लगेच बोलत नाहीत. ती शेंगा सोलताना बोलतात, सायकलवर मागे बसून बोलतात, दिवा मालवल्यावर बोलतात. त्या वेळी आपण जवळ असले पाहिजे. थेंबांसाठी दिवसातून चार वेळा निघणारा तो क्षण थेंबांवाचूनही काढता येतो. त्याला पैसा लागत नाही, आणि त्याने कधी कोणाचे वाईट झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.