आधी तू तुझं सांग

आजच्या एपिसोडला पाहुणा नाही. पाहुणा ठरला होता, पण त्याने एक अट घातली, आणि त्या अटीमुळे आज मीच बोलतोय.

झालं असं. ऑफिसला जाता-येता मी अमेरिकेतल्या वर्णभेदावरच्या गप्पा ऐकत होतो. केन बर्न्स आणि हेन्री लुई गेट्स यांच्या. बर्न्स गोरा, अमेरिकेच्या यादवी युद्धावरची १९९० ची गाजलेली डॉक्युमेंटरी मालिका त्याची. गेट्स कृष्णवर्णीय, हार्वर्डचा प्राध्यापक, 'फाइंडिंग युवर रूट्स' या कार्यक्रमात लोकांच्या पूर्वजांचा शोध घेणारा. त्याच कार्यक्रमात बर्न्सला कळलं की आपल्या एका पूर्वजाकडे गुलाम होते. तेही कॅमेऱ्यासमोर. आणि तरी हे दोघं एका स्टेजवर बसून याच विषयावर बोलतात.

मला वाटलं, असं आपल्याकडे जातीवर करूया. आणि नाशिकपेक्षा बरी जागा कुठली?

म्हणजे बघा, दांडी यात्रा आपण शाळेत पाठ केली, १२ मार्च १९३०. त्याच्या दहाच दिवस आधी, २ मार्चला, आपल्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली. मागणी काय, तर देवळात जाऊ द्या. दरवाजे बंद झाले. रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली. काही वर्षं लढा चालला, पण दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही.

आणि अमेरिकेशी हा धागा आजचा नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून. इंटरनेट नव्हतं हो तेव्हा!

तर मी माझ्या बीटेकच्या रूममेटला फोन केला. तो बौद्ध आहे. म्हटलं, "ये ना पॉडकास्टवर, तुझे अनुभव सांग."

तो म्हणाला, "येतो. पण दर वेळी अनुभव आम्हीच का सांगायचे? आधी तू तुझं सांग, मग बघू."

मी गप्प. मला वाटायचं, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच.

मग आठवलं. हॉस्टेलचा पहिला आठवडा. मी त्याला विचारलं होतं, "सीईटीला किती होते रे?" आता, हा प्रश्न मार्कांचा नसतो, हे विचारणाऱ्याला पण माहीत असतं आणि ऐकणाऱ्याला पण. त्याने आकडा सांगितला. मी नुसतं "अच्छा" म्हटलं. पुढची चार वर्षं त्याच्या नोट्सवर मी पास झालो, तरी ते "अच्छा" मी कधी परत घेतलं नाही.

दुसरं, घरचं. आम्ही पंचवटीतलेच, देवळापासून चालत पाच मिनिटं. परवा आजीला विचारलं, "१९३० साली पणजोबा इथेच होते ना?"

"होते की. मामंजी सांगायचे, फार गडबड झाली होती."

"ते कुठल्या बाजूला होते?"

आजीने टीव्हीचा आवाज वाढवला. "मेल्यांनो, जेवायच्या वेळी काहीतरी विचारता."

उत्तर मिळालं नाही. म्हणजे, मिळालंच.

आपल्याकडे या विषयावर डॉक्युमेंटरी आहेत. आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' नक्की बघा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी तिथून चित्रीकरण सुरू केलं आणि १४ वर्षांनी, २०११ ला, फिल्म पूर्ण झाली. सोमनाथ वाघमारे यांची भीमा कोरेगाववरची २०१७ ची फिल्मही बघा. तिथे कॅमेरा समाजातल्याच माणसाच्या हातात आहे. दोन्ही पाहिल्या की फरक जाणवतो.

पण या फिल्म बघताना मी नेहमी प्रेक्षकच राहिलो. दुःख त्यांचं, हळहळ माझी, शेअर केलं, संपलं. बंद दाराच्या आतून कोण उभं होतं, त्याची गोष्ट मी कधी शोधली नाही, कारण ती माझ्या घरात सापडली असती.

हे रेकॉर्डिंग मी आधी रूममेटला पाठवलं. त्याचा रिप्लाय आला: "सीईटीचं तुला आठवतंय होय?" आणि थोड्या वेळाने, "रविवारी ये, बोलू. माइक आणू नकोस."

तर रविवारी माइकशिवाय जातोय. तुम्हीही घरी एकदा विचारून बघा. टीव्हीचा आवाज वाढला, तर समजून घ्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.