सुगरणीच्या मुलखात

सन्माननीय अध्यक्षमहाराज, दूरदूरच्या गावांहून आलेले पक्षिमित्र आणि अलिबागकर बंधुभगिनींनो,

ज्याची सारी हयात महसुलाच्या दप्तरात सरली आणि कावळ्या-चिमणीपलीकडे ज्याला पाखरांची नावेही धड येत नाहीत, अशा माझ्यासारख्या इसमाकडे स्वागताध्यक्षपद यावे, यात मंडळींच्या औदार्याइतकाच मांडवाच्या खर्चाचाही विचार झाला असावा, असा मला दाट संशय आहे. तथापि या भूमीचा आपल्या शास्त्राशी जो ऋणानुबंध आहे, तो सांगण्याचा हक्क मी दुसऱ्या कोणास देणार नाही.

१९३० साली बर्लिनला एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकून सालिम अली स्वदेशी परतले, तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली. तेव्हा तिशी उलटलेले हे बेकार गृहस्थ पत्नी तेहमीना यांच्यासह इथल्या किहीमला येऊन राहिले आणि सुगरणीची लोंबती घरटी न्याहाळीत बसले. नर पात्यांच्या चिरफळ्या विणून घरटे अर्धेमुर्धे उभारतो. मादी आत शिरून ते तपासते. पसंत पडले तर ठाण मांडते. मग नर प्रवेशाची नळी पुरी करतो आणि लागलीच शेजारी दुसरीसाठी दुसरे घर बांधावयास घेतो, हा सारा संसार त्यांनी टिपून ठेवला. विणणारा नर, आणि आपण नाव ठेवले सुगरण! आमच्या दप्तरातही कसणारा एक आणि खाते दुसऱ्याच्या नावे, असे पुष्कळ वेळा आढळे.

पावसाची सबब सांगून तीन गावांची आणेवारी मी एकदा कचेरीत बसूनच लिहिली होती. किहीमच्या त्या टिपणांविषयी प्रथम वाचले, तेव्हा ती तीन गावे मला आठवली.

संस्थानांच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करण्यास सालिम अली निघाले, तेही 'वेतन नको, खर्च तेवढा द्या' या बोलीवर. पुढचे १९४१चे पुस्तक, डिलन रिप्ले यांच्यासमवेत सिद्ध केलेले दहा खंड, भरतपूरच्या पाणथळीसाठी केलेली खटपट, हे आपणास माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

अध्यक्षांसमोर मेजावर जे घरटे ठेवले आहे, ते अर्धवट टाकून दिलेले, वाऱ्याने खाली पडलेले आहे. आत बोट घातल्यास भिंतीला थापलेली वाळकी माती लागेल. ती नर कशासाठी थापतो, यावर आपले वाद रंगतील तेवढे रंगोत. उद्या पहाटे साडेपाचला किहीमकडे गाड्या निघतील; चहा पाचलाच तयार असेल, आणि तो कचेरीतल्यापेक्षा बरा असेल, एवढी हमी मी जातीने देतो.