विहीर हाच पुरावा, पाना बाईच्या हातात

(वन हक्क मेळाव्यात महिला पाणी गटाच्या वतीनं झालेलं भाषण. ज्या वाड्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. वाडीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)

बायांनो, भावांनो, डोंगर उतरून आलेल्या आज्या-आजोबांनो,

सकाळपासून जमिनीच्या दाव्यांवर बोलणं झालं. आम्ही पाण्यावर बोलणार आहोत. पण विषय तोच आहे, हे थोड्या वेळानं तुमच्या ध्यानात येईल.

पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा. आपल्या वाड्यांवर पावसाळ्यात चार महिने छपरावरनं पाणी थांबत नाही. आणि होळी झाली की हंडा घेऊन झऱ्यावर नंबर लावायचा. असं का होतं? वर जांभ्या दगडाचा सडा आहे. तो पाऊस पितो, पण खालचा काळा कातळ पाणी आत घेत नाही. म्हणून सड्याच्या कडेला, जांभा आणि कातळ भेटतात तिथं झरा फुटतो. आपल्या पूर्वजांनी तिथंच कुंड खोदलं, खाली विहीर बांधली, वाडीही त्याच पाण्याच्या आसऱ्यानं बसवली. शिवसागराच्या काठावरच्या वाड्या धरणाचं पाणी डोळ्यांनी बघतात आणि पितात मात्र झऱ्याचं. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतच्या बायांचे हाल वेगळे. तिथं झराच नाही, हापसा आणि विहीर एवढाच आधार.

आता हापसा बिघडला की काय होतं? दुरुस्तीचं पथक तालुक्याला. गाडी रस्ता आहे तिथपर्यंतच येते. अर्ज द्या, निरोप द्या, वाट बघा. घरातला कर्ता गडी कामाला मुंबईला. मग ओढ्यातल्या डबक्याचं पाणी घरात येतं आणि पोरांना जुलाब सुरू होतात. म्हणजे पाणी बिघडल्याचं पहिलं कळतं बाईला, त्रास होतो बाईला, पण पाना असतो दुसऱ्याच कुणाच्या हातात. हे उलटं करायचं आहे.

पण त्याआधी कायद्याचं बोलू. कोयना अभयारण्य १९८५ चं. चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चं. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आपल्याला विचारतात, तुम्ही इथं कधीपासून? कातकरी अनुसूचित जमातीत आहेत. त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा आणि वास दाखवायचा. गवळी धनगर आणि इतर भाऊबंदांना कायदा ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणतो. त्यांना त्या तारखेच्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. कागद कुठला दाखवायचा? कागद आपल्याला दिलाच नव्हता कुणी.

तर ऐका. वन हक्क कायद्याच्या नियमांमध्ये नियम १३ पुराव्यांचा आहे. त्यात जुनेपणा दाखवणाऱ्या पारंपरिक बांधकामांची नावं घेतली आहेत. विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा. म्हणजे आपली विहीर नुसती पाण्याची जागा नाही, ती आपली साक्षीदार आहे. त्याच नियमात म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा धरला आहे. जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा एवढंच. पुरावे एकाहून जास्त लागतात. विहीर एक झाली आणि ती कुणाच्या काळात बांधली हे सांगणारी आजी दुसरा.

आता सांगा, विहीर ढासळली, झुडपांनी भरली, वर माती बसली, तर काय बुडलं? पाणी बुडलं आणि पुरावाही बुडाला. उद्या साहेब म्हणतील, इथं कुणी राहतच नव्हतं. वापरात असलेली, साफ केलेली, कठडा नीट असलेली विहीर बघून असं म्हणणं जड जातं. म्हणून विहिरीची दुरुस्ती हे आपल्या जमिनीच्या लढाईतलं काम आहे.

काहीजण म्हणतात, बाईमाणसानं विहिरीत उतरू नये, विटाळ होतो. आम्ही विचारतो, रोज दोन-दोन हंडे काढून आणते तेव्हा विटाळ होत नाही का? दुसरे म्हणतात, लोखंडाचं काम बाईला झेपायचं नाही. त्यांना बांद्याची गोष्ट सांगायची. उत्तर प्रदेशातला बांदा जिल्हा आपल्या जतसारखाच, दगडाचा आणि तहानेचा. तिथं १९९० नंतरच्या काळात महिला समाख्या या कार्यक्रमातून दलित आणि कोल बायांनी हापसे दुरुस्त करायचं शिकून घेतलं. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पाईप उपसून वॉशर बदलणं त्या हातानं शिकल्या आणि मग हिशेब ठेवायला अक्षरंही शिकल्या. त्याच बायांच्या कार्यक्रमातून ‘महिला डाकिया’ नावाचं, आपल्या या पत्रकासारखंच साधं पत्रक निघालं. पण त्यांचा एक अनुभव कडू आहे, तोही ध्यानात ठेवा. हात शिकले, तरी सुटे भाग आणि मेहनताना यांसाठी त्यांना सरकारी खात्याशी झगडावं लागलं. शिकवण मिळाली आणि सामान नाही मिळालं, तर पाना गंजतो.

हापशाला भिण्यासारखं काही नाही. ‘मार्क दोन’ हापशाचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात, जालना आणि सोलापूरच्या पंपांत आहे. १९७२ च्या दुष्काळापासून गावोगाव बोअर झाले, त्यातून सुधारत तो घडला. त्याची दुखणी ओळखायची अशी. दांडा हलका लागतो आणि पाणी येत नाही, तर आतला गज तुटला किंवा सुटला. पुष्कळ हापसल्यावर पाणी येतं, तर खालची झडप गळते किंवा पाईपला भोक आहे. दांडा डुगडुगतो, तर बेअरिंग झिजलं. साखळी कुरकुरते, तर ग्रीस नाही. मार्क दोनला खालचं वॉशर बदलायला सगळे पाईप वर काढावे लागतात. त्याला तिपाई, क्लॅम्प आणि सहा-सात जणी हव्यात. मार्क तीनचा पाईप रुंद असतो, त्यातून आतला दट्ट्या तेवढाच वर ओढता येतो. नवा हापसा मागायचा तर मार्क तीन मागा.

विहिरीचं काम जास्त जपून करायचं. आधी कंदील दोरानं खाली सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. विझला नाही तरी आत विषारी हवा नाही याची खात्री होत नाही. म्हणून कमरेला दोर बांधूनच उतरायचं, वर तिघी-चौघी दोर धरून उभ्या पाहिजेत. खालची गप्प झाली तर तिच्यामागं उडी घ्यायची नाही, दोरानं वर ओढायचं. डिझेलचं इंजिन विहिरीच्या आत कधीच चालवायचं नाही. गाळ काढून झाला की कठडा उंच करायचा, भोवती ओटा घालायचा आणि सांडपाणी लांब न्यायचं. धुणं-भांडी आणि जनावरं काठापासून लांब. एवढ्यानंच निम्मी घाण थांबते.

मग टीसीएल पावडर. विहिरीचा व्यास फुटात मोजा. त्याला त्यानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा, मग २२ नं गुणा. तेवढे लिटर पाणी. दहा फूट व्यास आणि आठ फूट पाणी असेल तर १७,६०० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरून ८८ ग्रॅम पावडर लागेल. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी तेवढं विहिरीत सोडायचं आणि पोहऱ्यानं वर-खाली करायचं. एक तास कुणी पाणी भरायचं नाही. मग ओटीचे थेंब टाकून बघायचं. पिवळं झालं तर औषध लागू झालं. पावडर ओली किंवा जुनी असली तर तिचा जोर गेलेला असतो, ती परत करा आणि ताजी मागा.

आता एक प्रश्न येणार. आपणच दुरुस्त करायचं तर सरकार कशाला? बरोबर आहे. पाणी देणं ही सरकारची जबाबदारी आहे, ती आपण सोडलेली नाही. जुन्या पाणवठ्यांचा गाळ काढणं, दुरुस्ती करणं हे रोजगार हमीच्या कामांत बसतं. ती मजुरी मागायची. पावडर आणि सुटे भाग ग्रामपंचायतीकडून मागायचे. जिथं नवी टाकी किंवा पाईप वनजमिनीतून न्यायचा, तिथं कायद्याचं कलम ३(२) दाखवायचं. पिण्याचं पाणी, पाईपलाईन आणि लहान तळी त्यात आहेत. जागा एक हेक्टरच्या आत, झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. या शिफारशीशिवाय काम पुढं सरकत नाही, म्हणजे किल्ली ग्रामसभेकडं आहे. कलम ५ तर पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही ग्रामसभेवर टाकतं.

सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभं केलं. पाण्यात भूमिहीनांचाही वाटा हवा, ही मागणी त्या लढ्यानं रुजवली. आणि कटगुण हे जोतिराव फुल्यांचं मूळ गाव आपल्याच खटाव तालुक्यातलं. त्यांनी १८६८ मध्ये पुण्याच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. म्हणून आपला नेम असा: आपल्या हातानं दुरुस्त झालेल्या विहिरीवर कुणाला बाजूला उभं करायचं नाही. कातकरी बाई गटात नसेल तर तो गट पुरा झाला नाही.

या उन्हाळ्याआधी प्रत्येक वाडीनं एवढं करावं:

१. ग्रामसभेत ठराव करून पाच जणींचा पाणी गट नेमावा. वन हक्क समितीत बायका एक तृतीयांशापेक्षा कमी नसाव्यात असा नियम आहे. त्यातली एक तरी या गटात असावी.

२. दगड हलवण्याआधी विहिरीचा पंचनामा करावा. माप, फोटो, जुन्या घडीव दगडांची नोंद. अक्षर कोरलेला दगड असेल तर तो जागचा हलवू नये.

३. सगळ्यात जुन्या माणसाचा जबाब लिहून घ्यावा, अंगठा घ्यावा आणि दोन्ही कागद सामूहिक दाव्याला जोडावेत. दाखल केल्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.

४. पाने, दोर, ग्रीस, वॉशर यांची पेटी वाडीत ठेवावी. किल्ली गटाकडं.

५. शिकलेल्या बाईनं पुढच्या वाडीत जाऊन दोघींना शिकवावं. तिचा त्या दिवसाचा रोज बुडू देऊ नये.

जंगल राखलं आपण, विहिरी खोदल्या आपल्या माणसांनी. त्या आता ढासळू द्यायच्या नाहीत. ज्यांना शिकायचंय त्यांनी सभा संपल्यावर नावं द्यावीत. पहिलं काम ज्या वाडीचा हापसा आज बंद आहे तिथंच करू.

जिंदाबाद!